दोन डाव्या बाह्या

कितीही वेळा पाहिलं तरी टेबलावरच्या दोन्ही बाह्या डाव्याच होत्या.

ताईने एक बाही स्वतःच्या उजव्या हातावर धरून पाहिली. कोपराचा बाक भलत्याच दिशेला गेला. मग उगाचच दुसरीही धरून पाहिली. ती तरी दया दाखवेल अशी काहीतरी वेडी आशा होती. तीही डावीच. राखाडी लोकरीचं कापड होतं, जाड आणि मऊ, हात फिरवला की काढावासा न वाटणारं, आणि ते आता संपलं होतं. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या कप्तानांनी दिलेल्या त्या तुकड्यात कोट बसता बसता बसणार होता. जास्तीची बाही काढायला त्यात अजिबात वाव नव्हता.

हे झालं कसं, ते ज्यांनी कधी कापड बेतलं नाही त्यांना सांगायला हवं. एरवी कोटाचं कापड दुहेरी घडी घालून कापतात. एकदा कातर फिरली की डावी आणि उजवी जोडीने निघतात, चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. कापड अपुरं असलं की मात्र ते एकेरी पसरावं लागतं. बाहीचा पुठ्ठ्याचा फर्मा सुलटा ठेवून एक बाही कापायची, मग तोच फर्मा पालथा घालून दुसरी. ताईने पहिली बाही कापली, फर्मा उचलला, आणि नेमकी तेव्हाच गल्ल्यावरून भावाची हाक आली.

"ताई, ती निळी गुंडाळी कुठे आहे गं?"

"मधल्या फळीवर. अस्तरांच्या मागे."

गुंडाळी तिथेच होती. उत्तरात काडीची चूक नव्हती. पण ते देऊन ताई टेबलाकडे वळली तेव्हा हातात फर्मा होता, पुढ्यात कापड होतं, आणि या दोहोंच्या मधलं सगळं गायब झालेलं होतं. आपण कुठवर आलो होतो, ते तिने आठवून पाहिलं. काही आठवेना. तरी सगळं आठवत असल्याच्या थाटात तिने फर्मा ठेवला, खडूने आखला आणि कातर चालवली. फर्मा पालथा घालायचा राहून गेला.

दुकान तिच्या वडिलांचं. पुढे काचेचं दार आणि गल्ला, मध्ये बेतायचं लांबच लांब टेबल, मागे चार शिलाई यंत्रं, इस्त्रीची फळी आणि कापडांच्या मांडण्या. आपल्या दुकानात माप लिहीत नाहीत, ही वडिलांची मोठी शेखी. गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लावायची, आकडे मोठ्याने म्हणायचे आणि डोक्यात ठेवायचे. "कागदावर ठेवायला मी काय कारकून आहे?" असं ते गिऱ्हाइकालाच ऐकवत, आणि गिऱ्हाईकही कौतुकाने हसायचं. वडिलांमागे टेबल ताईकडे आलं. भाऊ धाकटा, त्याचा हात कापडापेक्षा बोलण्यात चाले, म्हणून त्याने गल्ला घेतला. ताई तर वडिलांच्याही वरताण निघाली. दहा वर्षांपूर्वी शिवून गेलेला माणूस दारातून आत आला की ती म्हणायची, "पोट सुटलंय तुमचं, पण उजवा खांदा अजून तसाच उतरता आहे." लोक तिला कॉम्प्युटर म्हणायचे. भाऊ हे नाव सगळ्यांना सांगत सुटायचा.

मग अंग दुखायला लागलं. आधी खांदे, मग पाठ, मग कुठे दुखत नाही ते सांगणं सोपं, अशी गत. झोप लागायची, पण सकाळी उठल्यावर रात्रभर कुणी बडवून काढल्यासारखं वाटायचं. तपासण्या झाल्या, सगळ्या स्वच्छ आल्या. रिपोर्ट चांगले आले की घरच्यांना हायसं वाटतं, आणि आजारी माणसाला तोंड कुठे लपवावं ते कळत नाही. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी तिचं नीट ऐकून घेतलं आणि नाव सांगितलं. फायब्रोमायाल्जिया. भावाला तो शब्द आजतागायत धड उच्चारता आलेला नाही. तो "ते तिचं फायबरचं" म्हणतो, आणि गिऱ्हाइकांना वाटतं ताईच्या जेवणात पालेभाज्या कमी पडतात.

दुखण्याशी ताईने जुळवून घेतलं. टेबलाची उंची वाढवून घेतली, हलकी कातर आणली, मधूनमधून बसायला उंच स्टूल ठेवलं. दुखतंय म्हटलं तर लोक निदान 'अरेरे' म्हणतात. पण डोक्यात जे धुकं उतरायचं, त्याचं करायचं काय? बोलता बोलता साधा शब्द हातून निसटायचा. एकदा तिला इस्त्री हा शब्द आठवेना, कपाळाला हात लावून ती म्हणाली, "अगं ते दे, ते... ते गरम!" काजं करणारी बाई वीस वर्षांची जुनी, तिने न हसता इस्त्री आणून दिली, आणि त्या दिवसापासून ती स्वतःही इस्त्रीला 'ते गरम' म्हणायला लागली. हळूहळू सगळं दुकान म्हणायला लागलं. त्या बाईचं हे करणं ताईला फार आवडलं होतं, पण तसं तिने बोलून दाखवलं नाही.

वाईट वाटायचं ते वेगळ्याच गोष्टींचं. नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या वळणाला उभं राहून डावीकडे की उजवीकडे ते न कळणं, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना संशय येऊ नये म्हणून फोनमध्ये बघत असल्याचं सोंग करणं. दहा वर्षांपूर्वीचा उतरता खांदा लख्ख आठवायचा, आणि आत्ता टेप लावून घेतलेलं कंबरेचं माप टेबलापर्यंत येईस्तोवर गळून पडायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "तुमचं डोकं रिकामं होत नाहीये. दुखणं सहन करण्यातच त्याचा निम्मा जीव जातोय. उरलेल्या निम्म्यावर एकाच वेळी दोन कामं टाकू नका." ताईने हे घरी येऊन भावाला सांगितलं. भाऊ म्हणाला, "अगं, मला पण होतं असं. परवा मी चष्मा कपाळावर ठेवून शोधत होतो."

हे वाक्य ऐकलं की ताईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. कपाळावरचा चष्मा सापडला की माणूस हसतो आणि विसरून जातो. तिला मात्र रोज सकाळी उठताना पहिला विचार हाच यायचा, की आज किती उरलंय?

तर अशा त्या दोन डाव्या बाह्या. भाऊ आला, पाहिलं, आणि त्याने आधी काचेच्या दाराकडे नजर टाकली.

"कुणी बघितलं नाही ना?"

"मी बघितलं," ताई म्हणाली.

"गंमत नाही गं ही. कप्तान उद्या ट्रायलला येणार आहेत." त्याने दोन्ही बाह्या गुंडाळल्या आणि टेबलाखालच्या पेटीत कोंबल्या. ही पेटीही वडिलांच्याच काळातली. बिघडलेला तुकडा तिच्यात जायचा, त्याच्या टाचण्या खोचायच्या गाद्या व्हायच्या, आणि गिऱ्हाइकाला कधी काही कळायचं नाही. दुकानाची चूक दुकानाबाहेर जाता कामा नये, हा नियम. "त्यांना सांगू की कापडाला कसर लागलेली होती, उलगडल्यावर कळलं. जुनं कापड आहे, पटेल त्यांना."

"कसर नव्हती लागली. मी कापलं चुकीचं."

"हो, पण ते सांगायची काय गरज आहे?"

"आणि पुढच्या वेळी? पुढच्या वेळीही कसरच लागणार?"

भावाने आवाज खाली आणला. तो आवाज त्याने घोळवून घोळवून तयार ठेवलेला होता हे ताईला लगेच कळलं. "पुढच्या वेळेचंच बोलायचं होतं मला. मी एका कटरशी बोललोय. चांगला माणूस आहे. सोमवारी येतोय. तू आता गल्ल्यावर बस. लोकांशी बोल, हसून खेळून राहा. तुझं नाव आहे, लोक तुला बघायला येतात. तू नुसती बस."

"नुसतं बसायला मी काय फोटो आहे?"

"ताई, तुझ्या भल्यासाठीच सांगतोय."

"माझं भलं माझं मला कळतं. माझ्या हातात कातर असताना मला हाका मारू नका, एवढं मी गेलं वर्षभर सांगतेय. ते कुणाला जमलं नाही. पण टेबल काढून घ्यायचं लगेच सुचलं."

"हाका मारू नका म्हणजे? टेबलापाशी विचारायचं नाही तर कुठे विचारायचं? बाबांना नव्हतो विचारत?"

"बाबांना नव्हतं हे."

भावाचा चेहरा पडला, पण मागे सरेल तर तो कसला. गल्ल्याकडे जाता जाता तो म्हणाला, "कप्तानांना काही बोलली नाहीस तर सोमवारनंतरचं आपण बघू. पण बोललीस, तर टेबल सोडायचं. मग माझ्याशी वाद नको."

त्या रात्री ताई घरी गेली, भात लावला, आणि भात झाल्यावर तो पाहून तिला आठवलं की आपण जेवणार नव्हतो. ती हसली. मग रडली. मग चिडली, आणि चिडल्यावर तिला बरं वाटलं. टेबल तिला हवं होतं. कुणी दयेने दिलेलं नको होतं आणि खोट्यावर टिकवलेलंही नको होतं. भावाला हे समजावून सांगता येणार नाही, करून दाखवावं लागेल, एवढं तिला त्या धुक्यातही स्वच्छ दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी कप्तान आले. जहाजावरची नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, तरी माणूस अजून हलत्या जमिनीवर चालल्यासारखा पाय फाकवून चालायचा. लेकीच्या लग्नात घालायचा कोट होता, आणि कापड त्यांच्या बायकोने कधीकाळी हौसेने घेऊन ठेवलेलं. भाऊ तोंडभर हसत पुढे झाला. "बसा, बसा कप्तान. काय झालंय माहितीये का, ते कापड जरा..."

"कापडाला काही झालेलं नाही," टेबलापासून ताई म्हणाली. तिने खाली वाकून पेटीतून बाह्या काढल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी पसरल्या. "मी दोन्ही बाह्या डाव्या कापल्यात. चूक माझी आहे. मला एक आजार आहे, त्यात मध्येच कुणी बोललं की माझा धागा तुटतो. तो तुटला आणि मी थांबले नाही. थांबायला हवं होतं."

दुकानातली यंत्रं एकेक करून थांबली. भावजय गल्ल्यामागे बिलं लावत होती, तिने बिलं तशीच हातात धरली.

कप्तानांनी बाह्यांकडे पाहिलं. रागाने त्यांचे कान आधी लाल झाले, मग मान. "हे कापड मिळणार नाही आता कुठे."

"नाही मिळणार. एक मार्ग आहे. डावी बाही उलटी केली की उजव्या हाताला बसते. पण कापडाची आतली बाजू वर येईल. ती फिकी आहे, हे बघा. एक बाही गडद, एक फिकी. लपणार नाही. मी लपवायचा प्रयत्नही करणार नाही. चालत असेल तर लग्नाआधी कोट तयार होईल."

"लेकीच्या लग्नात मी विदूषक होऊन उभा राहू?"

"मी फक्त काय करता येईल ते सांगितलं."

"खरं सांगितलंत हे ठीक केलंत," कप्तान म्हणाले. "पण त्याने माझा कोट होत नाही." त्यांनी बाहीवर एकदा हात फिरवला, बायकोच्या आठवणीवरून फिरवावा तसा, आणि हात मागे घेतला. "ठेवा ते सगळं तुम्हालाच. मला घरात नको हे तुकडे."

काचेचं दार त्यांच्यामागे धाडकन बंद झालं. खरं बोलल्याचं बक्षीस मिळतं असं ताईला कधीच वाटलं नव्हतं, तरी ते दार छातीवर आपटल्यासारखं लागलं. त्या माणसाचं काहीतरी कायमचं गेलं होतं आणि ते तिच्या हातून गेलं होतं.

"झालं समाधान?" भाऊ म्हणाला. "आता ऊठ."

ताई उठली. कातर टेबलावर ठेवली, कप्तानांच्या कोटाचे सगळे तुकडे गोळा केले आणि मागच्या रिकाम्या यंत्रावर जाऊन बसली. ती इतक्या मुकाट्याने उठली याचीच भावाला जरा भीती वाटली.

नवीन माणूस यायला अजून अवकाश होता आणि शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर तोंडावर होती. तेव्हा टेबलापाशी भाऊच उभा राहिला. त्याला बेतता येत होतं, वडिलांनी दोघांनाही शिकवलं होतं. त्याने बाह्या वर सरसावल्या, खडू कानावर खोचला आणि मोठ्या ऐटीत पहिला फर्मा ठेवला.

"साहेब, पांढरा दोरा संपलाय, कुठला लावू?" एका यंत्रावरून आवाज आला.

"अहो, ते बाई विचारतायत, त्यांचं पोलकं कधी देणार?" गल्ल्यावरून भावजय.

"साहेब, ते गरम तापत नाहीये नीट!" काजवाली.

"अहो, निळी गुंडाळी कुठे गेली?"

कुणी मुद्दाम करत नव्हतं. टेबलाशी जो उभा असेल त्याला विचारायचं, ही सगळ्यांच्या जिभेला लागलेली सवय. इतकी वर्षं ती ताईवर खपत होती म्हणून कुणाला दिसली नव्हती. भाऊ प्रत्येकाला उत्तर द्यायचा, परत खाली बघायचा, आणि बोट फिरवत रेघ शोधायचा. जेवणाची वेळ व्हायच्या आत त्याने एक खिसा उलटा कापला आणि एक पाठ आखूड. मग पुन्हा कुणीतरी दोरा विचारला, आणि त्याने कातर टेबलावर आपटली.

"अरे गप्प बसा की जरा! माणसाने काम करायचं की तुमची उत्तरं द्यायची?"

दुकान चिडीचूप झालं. मागच्या यंत्रावर ताई शिवत होती, तिने मान वर केली नाही. पण काजवालीला हसू आवरेना. तिने ते खोकल्यात घातलं, तरी सगळ्यांना कळलं.

भाऊ तिच्या यंत्रापाशी येऊन उभा राहिला. "कळलं मला," तो म्हणाला. हा माणूस कबुली देताना लहान मुलासारखा खाली बघतो. "मला पण असंच होतंय बघ."

"नाही," ताई म्हणाली आणि आता तिने यंत्र थांबवलं. "तुला असंच होत नाही. तू गप्प बसा म्हणालास, आणि आता परत जाशील आणि नीट कापशील. मला सगळे गप्प बसले तरी कधी कधी ते येतं. कारण नसताना येतं. आलं की मला माहीत नसतं मी कुठे आहे. हे जाणार नाही. चांगले दिवस येतील, वाईट येतील. तुझ्या चष्म्याशी याची बरोबरी करायची नाही, आजपासून. कबूल?"

"कबूल. मग तूच सांग, असं असताना तुला टेबल कसं द्यायचं?"

"द्यायचं नाहीच. ते माझं आहे. मी ते कसं सांभाळणार, ते मी ठरवीन. मापं खडूने कापडावर लिहीन, सगळ्यांसमोर लिहीन, बाबांची शेखी गेली तरी चालेल. कातर हातात असताना टेबलावरच्या दिव्याला लाल पट्टी बांधीन. पट्टी असेपर्यंत मला कुणी काही विचारायचं नाही, गिऱ्हाइकानेसुद्धा नाही. आणि मला आठवलं नाही तर मी विचारीन. मोठ्याने."

"गिऱ्हाइकांसमोर? ताई, लोक काय म्हणतील? कॉम्प्युटर म्हणतात तुला."

"कॉम्प्युटर बिघडला म्हणून सांग त्यांना. माणूस चालू आहे."

भाऊ हसला नाही. कपाळावरचा चष्मा खाली घेत म्हणाला, "पण मी त्या कटरला शब्द दिलाय. सोमवारी तो येणार."

"येऊ दे की. शाळांची ऑर्डर आहे, हात कमीच आहेत. त्याच्यासाठी दुसरं टेबल बघ. हे रिकामं नाही."

एवढं बोलून तिने पुन्हा यंत्र सुरू केलं. भाऊ काहीच न ठरवता गल्ल्याकडे निघून गेला. तो काय करणार हे ताईला माहीत नव्हतं. पण आपण काय करणार ते ठरलेलं होतं, आणि ते ती शिवत होती.

कप्तानांचा देह मोठा, ताई लहानखुरी. तिने सगळे तुकडे स्वतःच्या मापाला आणले, आणि यावेळी प्रत्येक तुकड्यावर खडूने ठसठशीत लिहिलं: पाठ, डावं पुढलं, उजवं पुढलं. खांदे भरून आले की उठून फेऱ्या मारल्या. एक पूर्ण दिवस बोटं इतकी दुखत होती की तिने सुईला हात लावला नाही, नुसती पडून राहिली आणि त्याबद्दल कुणाची माफी मागितली नाही. काजं करायची वेळ आली तेव्हा काजवालीने कोट तिच्या हातातून ओढून घेतला.

"ही बाही उलटी आहे ताई," ती म्हणाली.

"हो."

"मग काजांना दोरा गडद घालू की फिका?"

"गडद. दिसू दे."

सोमवारी सकाळी नवीन कटर आला. नीटनेटका, केस चापून बसवलेला माणूस, स्वतःची कातर घेऊन आलेला. त्याने दार ढकललं आणि तो उंबऱ्यातच थबकला. टेबलापाशी एक बाई उभी होती. अंगात राखाडी कोट, डावी बाही गडद, उजवी बाही फिकी, विणीची आतली बाजू वर आलेली. वर दिव्याला लाल पट्टी. पुढ्यात एका गिऱ्हाइकाचं महागडं काळं कापड एकेरी पसरलेलं, त्यावर खडूने आकडेच आकडे. एक गिऱ्हाईकबाई खुर्चीवर बसून हे सगळं डोळे मोठे करून बघत होत्या.

कटरने गल्ल्याकडे पाहिलं. भावाने त्याला हाताने खूण केली, बसा. मग काहीतरी आठवून भाऊ मांडण्यांकडे वळला आणि सवयीने त्याचं तोंड उघडलं. "ताई, ती नि..."

त्याची नजर लाल पट्टीवर गेली. त्याने तोंड मिटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो स्वतः मधल्या फळीपाशी जाऊन, एक डोळा टेबलाकडे ठेवून, अस्तरं उपसायला लागला.

कटरला राहवलं नाही. धंद्यातला माणूस, डोळ्याला खुपलेलं सांगितल्याशिवाय कसा राहील? तो दबक्या आवाजात म्हणाला, "बाई, तुमच्या कोटाची एक बाही उलटी लागलीय."

"माहितीये. मीच बेतलीय," ताई मान वर न करता म्हणाली. "पट्टी आहे तोवर बोलायचं नाही."

कातर कापडातून कुरकुरत गेली. पहिली बाही सुटी झाली. ताईने ती बाजूला ठेवली, फर्मा उचलला, आणि तेव्हा ते आलं. कुणी हाक मारली नव्हती. कटर केव्हाच गप्प झाला होता. सगळं शांत होतं आणि तरी आलं. हातात फर्मा, पुढ्यात काळं कापड, आणि मधलं सगळं पांढरं. मागच्या आठवड्यात याच जागी तिने सोंग केलं होतं. वर्षभर ती करत आली होती ते, रस्त्याच्या वळणावर फोनमध्ये बघण्याचं सोंग. खुर्चीवर गिऱ्हाईकबाई बसल्या होत्या. नवीन माणूस बघत होता.

ताईने कातर खाली ठेवली, पाठ ताठ केली आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"मी आत्ता कुठली बाही कापली?"

यंत्रं थांबली. काजवालीने हातातलं 'ते गरम' उभं केलं. गिऱ्हाईकबाईंनी गल्ल्याकडे पाहिलं, हे काय चाललंय म्हणून. भावजयीने मान खाली घातली.

मग मांडणीच्या मागून, अस्तरांच्या ढिगाऱ्यात अर्धा बुडालेल्या भावाचा आवाज आला. मोठा, खणखणीत, शेजारच्या दुकानात जाईल असा.

"डावी, ताई! डावी कापलीस!"

"ठीक," ताई म्हणाली. तिने फर्मा पालथा घातला आणि कातर उचलली.